एएमसी आले का?

डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात महिन्यातून निदान चार वेळा एकच हाक तळमजल्यावरून पोटमाळ्यापर्यंत जाते, "एएमसी आले का?" एएमसी म्हणजे अ‍ॅन्युअल मेन्टेनन्स कॉन्ट्रॅक्ट, वर्षभराच्या देखभालीचा करार. पण करार काही रिक्षातून उतरत नाही. उतरतात ते पन्नाशी ओलांडलेले, चष्म्याची दोरी गळ्यात घातलेले एक गृहस्थ. आईवडिलांनी त्यांचं नाव काय ठेवलं होतं हे आमच्या गाळ्यात कुणालाच आठवत नाही. मोबाइल लागेना म्हणून एकदा त्यांच्या घरच्या नंबरवर फोन केला, तर वहिनीसुद्धा म्हणाल्या, "एएमसी बाहेर गेलेत."

त्यांच्या कार्डावर हल्ली 'मॅनेज्ड आयटी अँड सायबर सिक्युरिटी' असं छापलेलं असतं. त्याआधीच्या कार्डावर 'कॉम्प्युटर सेल्स अँड सर्व्हिस' होतं आणि त्याही आधीच्या कार्डावर 'असेंब्ली, रिपेअरिंग, कार्ट्रिज रिफिलिंग'. कार्ड तीनदा बदललं, माणूस तोच आहे. खोडरबरही तेच असावं.

खोडरबराचं सांगते. एएमसी त्यांची सॅक पोटावर घेऊन चालतात. लोकलच्या गर्दीतली सवय, ती जमिनीवरही सुटली नाही. त्यामुळे लांबून येताना एखादं तान्हं बाळ घेऊन दवाखान्यात निघाल्यासारखे दिसतात. त्या सॅकेत स्क्रू ड्रायव्हर, क्रिम्पिंगचं पक्कड, केबलच्या पिनांची पुडी, रंगाऱ्याचा दोन इंची ब्रश आणि शाळकरी मुलांचं एक पांढरं खोडरबर असतं. मशीन चालूच होत नसेल तर आधी रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचं आणि परत बसवायची. दातांवर चढलेली पुटं निघाली की मेलेलं मशीन उठून बसतं. वागळे इस्टेटपासून खडकपाड्यापर्यंत निम्मी मशीनं या खोडरबरावर जगली आहेत. फक्त हा उपचार शेठसमोर करायचा नाही, हे ते अनुभवातून शिकले. खोडरबर बघितलं की शेठ बिलात ते शोधतात. म्हणून मशीन उचलून ते स्टोअररूममध्ये नेतात, दार लोटून घेतात, आणि बाहेर आल्यावर रुमालाने कपाळ पुसतात.

शेठसमोर करायचा उपचार वेगळा आहे. त्याला पिंग म्हणतात. एक काळी खिडकी उघडायची, दोन शब्द टाइप करायचे, की पांढऱ्या अक्षरांच्या ओळी आपोआप वर सरकत राहतात. ती खिडकी दिसली की शेठ स्वतः उठून त्यांना खुर्ची देतात आणि चहात आलं घालायला सांगतात. मी एकदा हळूच विचारलं, "यात नेमकं काय चाललंय?" एएमसी तितक्याच हळू म्हणाले, "काही नाही हो. हे मशीन त्या मशीनला विचारतंय, आहेस का? ते म्हणतंय, आहे. पुन्हा विचारतंय, आहेस का? आहे."

या देखाव्याची गरज त्यांना का पडते, हे समजायला 31 डिसेंबर 1999 च्या रात्री जावं लागेल. वर्ष दोनच आकड्यांत लिहायच्या जुन्या सवयीमुळे 2000 साल उजाडताच कॉम्प्युटरला ते 1900 वाटेल आणि जग बंद पडेल, अशी हवा होती. एएमसींनी तेव्हा कल्याणातल्या एका कापडाच्या ठोक व्यापाऱ्याची सगळी बिलिंग प्रणाली दोन महिने खपून तपासली होती. त्या रात्री ते गिऱ्हाइकाच्या पेढीवर फरसाणाची पुडी घेऊन बसले. बारा वाजले. बाहेर फटाके वाजले. पडद्यावर तारीख बदलली आणि बाकी काहीही झालं नाही. सकाळी व्यापाऱ्याने बिल हातात घेऊन विचारलं, "पण झालं काय? काहीच नाही ना? मग पैसे कशाचे?"

एएमसींचा धंदा हा असा आहे. ते 'काही न होणं' विकतात. वडेवाल्याकडे वडा दिसतो, शिंप्याकडे शर्ट दिसतो. यांचा माल जितका उत्तम तितका तो कमी दिसतो. रात्रीचा गुरखा काठी आपटतो ती चोराला घाबरवायला, असं आपण समजतो. खरं तर ती वरच्या मजल्यावर जाग्या असलेल्या चेअरमनसाठी असते. एएमसींची पिंग म्हणजे तीच काठी.

गुरू मात्र त्यांनी मोठा निवडलाय. पुण्याचे कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळले, गिऱ्हाइकांच्या मशीनमधले व्हायरस काढायला धाकट्या भावाने, संजयने, प्रोग्रॅम लिहिला, त्यातून क्विक हील उभी राहिली आणि 2016 मध्ये शेअर बाजारातही गेली. हे चरित्र एएमसी दर सहा महिन्यांनी आम्हाला ऐकवतात आणि शेवटी सुस्कारा टाकतात, "मीसुद्धा त्याच काळात कॅल्क्युलेटरच दुरुस्त करत होतो. पण माझा धाकटा भाऊ एलआयसीत लागला."

आमचे शेठ आणि एएमसी यांच्यात एक जुना वाद आहे, तो अपडेटचा. एएमसींचं म्हणणं, अपडेट म्हणजे मशीनची लस. शेठचं म्हणणं, चालत्या गाडीचं बॉनेट उघडू नये. अपडेट झालं की टॅली हळू चालते, प्रिंटर रुसतो आणि पडद्यावरची बटणं जागा बदलतात, हा त्यांचा अनुभव. तो खोटा आहे असं मी शपथेवर म्हणणार नाही.

मग 12 मे 2017 चा दिवस आला. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर हजारो कार्यालयांच्या फाइलींना कुलपं घातली. किल्लीसाठी 300 डॉलर, तेही बिटकॉइनमध्ये. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिलेलं होतं. आमच्याकडे ते अर्थातच केलेलं नव्हतं. एएमसींनी टीव्हीवर बातमी बघितली आणि शनिवारी सकाळी पहिल्या रिक्षाने, दाढी न करता गाळ्यावर आले. सगळी मशीनं ठणठणीत होती. कारण 12 मे हा शुक्रवार होता आणि शुक्रवार म्हणजे आमच्या एमआयडीसीचा रविवार. त्या दिवशी आमचं एकही मशीन चालू नव्हतं. आणि आपल्याकडे रात्र पडता पडता ब्रिटनमधल्या एका तरुणाने त्या व्हायरसच्या पोटात लिहिलेल्या विचित्र नावाचं डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवलं, आणि त्याचा जोर तिथेच ओसरला. म्हणजे जग जळत होतं तेव्हा आम्ही सुट्टीवर होतो आणि कामावर आलो तेव्हा आग विझली होती. शेठ म्हणाले, "बघा, अपडेट न करता वाचलो की नाही?" एएमसींनी काही उत्तर दिलं नाही. स्टोअररूममध्ये गेले आणि दार लोटून एकेका मशीनला अपडेट लावत संध्याकाळपर्यंत बसले.

पुढचा महिनाभर त्यांचं आसन जरा उंचावलं होतं. वॉनाक्रायचं कीर्तन त्यांनी कल्याणच्या पतसंस्थेपासून नौपाड्यातल्या दातांच्या दवाखान्यापर्यंत लावलं. पूर्वरंगात अपडेटचं माहात्म्य, उत्तररंगात न करणाऱ्यांची गत. आणि 27 जूनला नॉटपेट्या आला. न्हावाशेव्याच्या बंदरात एका टर्मिनलचं काम ठप्प झालं, कंटेनर अडकले. "नाव बरोबर ठेवलंय," शेठ पेपर वाचत म्हणाले, "पेट्या आल्याच नाहीत." इथवर ठीक होतं. पण हा व्हायरस पसरला कसा, तेही त्याच पेपरात पुढे आलं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं अपडेट हल्लेखोरांनी नासवलं होतं. ज्यांनी इमानाने अपडेट केलं, त्यांच्या घरात तो थेट देव्हाऱ्यापर्यंत गेला.

शेठनी पेपर घडी घालून टेबलावर ठेवला. "एएमसी, हिशेबाचं सॉफ्टवेअर. अपडेट. मी काय म्हणत होतो?"

एएमसींनी चहा घेतला नाही. त्यांच्या कारकिर्दीतला एवढा एकच दिवस.

या वादाचा शेवटचा अंक 19 जुलै 2024 चा. क्राउडस्ट्राइक या कंपनीचं संरक्षणाचं सॉफ्टवेअर, त्याचंच अपडेट चुकलं आणि जगात सुमारे 85 लाख मशीनं निळी पडली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तोही शुक्रवार. आम्ही पुन्हा सुट्टीवर. शेठचा आता ठाम सिद्धांत आहे की सायबर सुरक्षा म्हणजे शुक्रवारी गाळा बंद ठेवणं, आणि एएमसींकडे तो खोडून काढायला पुरावा नाही.

पासवर्ड हे त्यांचं दुसरं दुःख. डोंबिवलीत तिजोरीची किल्ली कंबरेला असते आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. गणपती, साईबाबा, नातवाचं नाव, त्यापुढे एक दोन तीन. दर तीन महिन्यांनी बदला म्हटलं की लोक चार वाढवतात. एका क्लासवाल्या सरांचा पासवर्ड एक दोन तीन चार पाच सहा सात आठ नऊपर्यंत पोचलाय. "आता शून्य घालतील आणि निवृत्त होतील," एएमसी म्हणतात. पण कुणाचा पासवर्ड काय, हे ते कधी सांगत नाहीत. वरचा क्लासवाल्यांचा मी सांगितला कारण त्या सरांनी तो स्वतःच वर्गात फळ्यावर लिहून ठेवला होता. ठाणे ते कल्याण, किती व्यापाऱ्यांनी पासवर्डात बायकोचं नाव घातलंय आणि किती जणांनी दुसऱ्याच कुणाचं, हे माहीत असलेला हा एकमेव माणूस असेल. लग्नाच्या पंगतीत तो खाली मान घालून मसालेभात खातो.

माझाही पासवर्ड त्यांना माहीत आहे. तो 'नोकरी सोडणार' असा आहे आणि पुढे साल. पहिल्यांदा घातला तेव्हा पुढे 2019 होतं. माझं मशीन बिघडलं की एएमसी तो स्वतःच टाइप करतात, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. दर जानेवारीत फक्त विचारतात, "साल बदललं का?"

बॅकअपबद्दल मात्र ते कुणाचं ऐकत नाहीत. 26 जुलै 2005 ला कल्याणात त्यांच्या एका गिऱ्हाइकाच्या तळमजल्यावरच्या दुकानात पाणी शिरलं. कॉम्प्युटर बुडाला. बॅकअपची डिस्क होती, पण ती कॉम्प्युटरच्याच डोक्यावर ठेवलेली होती. तेव्हापासून नवीन गिऱ्हाईक आलं की ते आधी मशीन बघत नाहीत, भिंत बघतात. "26 जुलैला पाणी कुठवर आलं होतं?" असं विचारतात, तिथे पेन्सिलीने रेघ ओढतात आणि त्या रेघेच्या हातभर वर सर्व्हरचं कपाट ठोकायला लावतात. कितीतरी शेठ या रेघेला कॉम्प्युटर शास्त्रातलं काहीतरी समजतात.

बॅकअपचा नियम साऱ्या जगाला ठाऊक आहे. तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगळ्या जातीच्या साधनांवर, आणि त्यातली एक गावाबाहेर. आता गावाबाहेर म्हणजे कुठे? क्लाउड आहे, पण "आमचा हिशेब कुठल्या ढगात?" असं म्हणणारे शेठ अजून बरेच आहेत. एएमसींनी यावर स्वतःची व्यवस्था बसवली. बहीण नौपाड्यात राहते. डोंबिवलीच्या गिऱ्हाइकांच्या डिस्का, कुलूपबंद सांकेतिक भाषेत, तिच्या माळ्यावर पितळी डब्यात. ठाण्याच्या गिऱ्हाइकांच्या डिस्का डोंबिवलीत, वहिनींच्या रिकाम्या तांदळाच्या पिंपात. दर आठवड्याला डिस्का बदलतात. म्हणजे डोंबिवलीचा डेटा सकाळी ठाण्याला जातो आणि ठाण्याचा संध्याकाळी डोंबिवलीला परततो, दोघेही उभ्याने. या शहरांत राहून डेटाने तरी वेगळं काय करावं?

12 ऑक्टोबर 2020 ला कळव्याच्या बाजूने बिघाड होऊन मुंबई आणि ठाण्याचा मोठा भाग अंधारात गेला, तेव्हा एएमसींना दुपारपर्यंत चाळीसेक फोन आले. "लाइट गेलीय. तुम्ही काही केलंत का?" पुढच्या मार्चमध्ये राज्याचे गृहमंत्री म्हणाले की मालवेअरचा संशय आहे, केंद्राचे ऊर्जामंत्री म्हणाले की मानवी चूक. आम्ही एएमसींना मत विचारलं. म्हणाले, "त्यात भांडण कसलं? मालवेअरला दार तरी कोण उघडतं?"

आमच्याकडे ते दार दोन वर्षांपूर्वी उघडलं. एका सकाळी 'पेमेंट अ‍ॅडव्हाइस' या नावाची मेल आली, आतली फाइल कुणीतरी उघडली, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत टॅलीचा अख्खा फोल्डर अगम्य झाला. प्रत्येक फाइलीच्या नावाला एक लांबलचक शेपूट. सोबत इंग्रजीत एक चिठ्ठी. पैसे द्या, नाहीतर विसरा.

शेठनी चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. घाबरले, पण व्यापारी घाबरला तरी व्यापारीच. "मागतायत ते जीएसटी धरून का? पक्कं बिल देणार का? आणि निम्मं आता, निम्मं फाइल उघडल्यावर, असं होईल का विचारा."

एएमसी आले. सॅक पोटावर. आधी त्यांनी प्रत्येक मशीनची नेटवर्कची केबल उपटली आणि मग घोषणा केली, "आता हे सहा तासांत कळवा."

"सहा तासांत कळव्याला कशाला जायचं?" शेठ म्हणाले. "आणि जायला सहा तास लागतात का?"

28 एप्रिल 2022 चा केंद्र सरकारच्या सर्ट-इनचा आदेश आहे की असा हल्ला झाला तर लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायचं, हे एएमसींनी त्यांना समजावेपर्यंत त्यातला अर्धा तास गेला होता. मग बसून मेल लिहिली, पोलिसांच्या सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, आणि वहिनींच्या भाषेत सांगायचं तर 'नौपाड्याला फोन लावला'. नणंदबाई पितळी डबा घेऊन निघाल्या. दुपारी तीनची, जरा रिकामी लोकल. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर त्यांच्याकडून डबा घ्यायला मीच गेले होते. आमच्या कंपनीचा अठरा वर्षांचा हिशेब त्यांनी मला दिला आणि वर एका पिशवीत शेवग्याच्या शेंगा.

रात्री दहापर्यंत मशीनं पुसून नव्याने उभी राहिली, डेटा परत चढला. गेलं ते फक्त चार दिवसांचं काम. एएमसींनी अहवाल लिहिला. कारण या रकान्यात लिहिलं, 'मानवी चूक'. शेठनी विचारलं, "कुणाची?"

एएमसी पिंगच्या खिडकीकडे बघत म्हणाले, "नेटवर्कमधल्या एका युजरची."

ती फाइल मी उघडली होती. त्यांना लॉगमध्ये वेळ आणि मशीन दोन्ही दिसलं होतं, मी शेजारीच उभी होते. त्यांनी नुसतं विचारलं, "पासवर्ड बदलूया का आता? सगळ्यांचेच बदलतोय." मी बदलला. साल एकदम पाच वर्षं पुढचं टाकलं.

मार्चअखेरीला करार नव्याने करायची बोलणी झाली. शेठ त्या दिवशी मुद्दाम सकाळी लवकर आले. त्यांचा मुद्दा सरळ होता. "ज्या वर्षी काही झालं नाही त्या वर्षी मी म्हणालो, काही झालं नाही तर एवढे पैसे कशाला? तुम्ही दहा टक्के कमी केलेत. बरोबर? यंदा तर झालं. म्हणजे तुमचं काम चुकलं. मग यंदा किती कमी?"

एएमसींनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी बोलेल. ते म्हणाले, "पाच करू." शेठ सात म्हणाले. सहावर जमलं. आल्याचा चहा आला.

सह्या झाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. मशीन घरघरतंय अशी तक्रार मी महिनाभर करत होते. त्यांनी पत्रा उघडला, रंगाऱ्याचा ब्रश आत फिरवला. खंडेनवमीला शेठ प्रत्येक मशीनला हळदकुंकू लावतात, हार घालतात, आणि पत्र्याच्या जाळीतून झेंडू आत जातो. पंख्याच्या मागून एएमसींनी दोन बोटांनी एक सुकलेली पाकळी बाहेर काढली, उजेडात धरून बघितली.

"ही मागच्या वर्षीची," ते म्हणाले. "यंदाच्या अजून आत असतील."